कर्मणी प्रयोगातील क्रौर्य

‘युद्धापेक्षा निर्बंध बरे’ हे वाक्य आपल्या सुशिक्षित वर्गात इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याला हरकत घेणारा मनुष्य एक तर युद्धखोर असावा किंवा कुणा हुकूमशहाचा छुपा वकील, अशीच ऐकणाऱ्याची समजूत होते. आम्ही या दोहोंपैकी कोणीही नाही. तरीही या वाक्याला आमची हरकत आहे. तोफा डागल्या जात नाहीत, शहरे जळत नाहीत, वृत्तपत्रातील छायाचित्रात रक्त दिसत नाही. केवळ व्यापार थांबतो, आणि व्यापार थांबला की उन्मत्त सत्ताधीश ताळ्यावर येतो, असा हा हिशेब आहे. हिशेब सुटसुटीत आहे खरा, पण तो चुकीचा आहे. आणि त्यातील चूक ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, वाक्य नीट वाचता आले तरी पुरते, असे आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या अध्यापकांनी या भानगडीत पडू नये, हा विषय राज्यशास्त्र विभागाकडे सोपवून आपण आपल्या कवितेकडे वळावे, असा सल्ला आम्हांस यापूर्वीही मिळालेला आहे. तो आम्ही मानत नाही. आर्थिक निर्बंध हे असे युद्ध आहे, की जे जवळजवळ सर्वस्वी कागदावर लढले जाते. ठराव, परिशिष्टे, अपवादांची कलमे, अर्जांचे नमुने, वस्तूंच्या याद्या, त्यांवरील शेरे हीच त्याची शस्त्रे. ही सारी संहिता आहे, आणि संहिता वाचणे हा तर आमचा धंदा. जो प्राध्यापक एका विशेषणावर तासभर बोलू शकतो, त्याने ज्या वाक्यांनी कोट्यवधी माणसांचे पाणी तोडले त्या वाक्यांपुढे मौन धारण करावे, हा विनय नव्हे.

उदाहरण आम्ही इराकचे घेतो, कारण त्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि दरम्यानचा बराचसा पत्रव्यवहार आता उजेडात आलेला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव संमत केला. १३ मते अनुकूल, विरोधात एकही नाही, क्यूबा व येमेन तटस्थ. इराकची आयात, निर्यात आणि आर्थिक व्यवहार सर्व बंद झाले. हे निर्बंध २२ मे २००३ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे नऊ महिने टिकले. सद्दाम हुसेनविषयी आम्हांस यत्किंचितही ममत्व नाही, हे येथेच सांगून टाकतो. १९८८ साली हलब्जा येथे स्वतःच्याच कुर्द प्रजेवर विषारी वायू सोडणारा तो सत्ताधीश होता. मात्र हलब्जाबद्दल सुरक्षा परिषदेने इराकवर निर्बंध लादले नव्हते, हेही त्याच स्मरणवहीत नोंदवून ठेवावे.

आता ठराव वाचू. वैद्यकीय कारणांसाठीच असलेला पुरवठा बंदीतून वगळलेला आहे. अन्नपदार्थही वगळलेले आहेत, पण ‘मानवतावादी परिस्थितीत’. ही दोनच पदे. परंतु तशी परिस्थिती उद्भवली आहे की नाही हे कोणी ठरवायचे? उपाशी माणसाने? त्याच्या शेजाऱ्याने? १३ सप्टेंबर १९९० च्या ६६६ क्रमांकाच्या ठरावाने उत्तर दिले: परिषदेच्या समितीने. भूक लागली आहे काय, हा प्रश्न न्यूयॉर्कमधील एका बंद खोलीत निकालात निघणार होता.

या दोन पदांचा पहिला चटका कोणाला बसला, हे मराठी वाचकास बहुधा ठाऊक नसेल. तो आपल्याच माणसांना बसला. आक्रमणाच्या वेळी कुवेतमध्ये दीड लाखाहून अधिक भारतीय होते. अम्मानहून मुंबईपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक लोक परत आणले गेले, ही कथा पुढे चित्रपटातही आली. पण ते येईपर्यंत तेथे जे अडकले होते, त्यांच्यासाठी ‘विश्व सिद्धी’ या भारतीय जहाजातून धान्य पाठवायचे, तर त्यासाठी भारत सरकारला या समितीची परवानगी मागावी लागली. परवानगी मिळाली, जहाज गेले. परंतु आपल्या नागरिकाला आपला तांदूळ पाठवण्यासाठी एका सार्वभौम देशाला अर्ज करावा लागतो, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. मग ज्यांच्या बाजूने अर्ज करणारे सरकारही धड नव्हते, त्या इराकी माणसाची कल्पना करता येते.

ठराव क्रमांकावरून ‘६६१ समिती’ म्हणून ओळखली जाणारी ही समिती सुरक्षा परिषदेच्या पंधराही सदस्यांची होती. तिच्या बैठका बंद दाराआड होत. निर्णय एकमताने व्हायचा, म्हणजेच कोणाही एका सदस्याने ‘स्थगिती’ असा शेरा मारला की माल अडला. बहुतेक स्थगिती अमेरिकेच्या आणि त्याखालोखाल ब्रिटनच्या होत्या. कारण म्हणून एक शब्द पुढे केला जाई: ‘दुहेरी उपयोग’. जी वस्तू नागरी कामास येते आणि लष्करी कामासही येऊ शकते, ती संशयित. आता जगात अशी कोणती वस्तू आहे? क्लोरीनने पाणी शुद्ध होते आणि त्याचा विषारी वायूही होतो. पाण्याचा पंप, विजेचा जनित्रसंच, मालमोटारीचा सुटा भाग, सर्वांवर तोच शेरा बसू शकतो. पेन्सिलीत ग्राफाइट असते म्हणून शाळकरी मुलांच्या पेन्सिलीदेखील संशयित ठरल्या. २००२ च्या सुमारास अशा रीतीने अडकून पडलेल्या मालाची किंमत सुमारे ५ अब्ज डॉलरच्या घरात गेली होती.

आणि हे सर्व कोणी केले? येथे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष व्याकरणाकडे वेधू इच्छितो. ‘निर्बंध लादण्यात आले.’ ‘मागणी स्थगित ठेवण्यात आली.’ ‘पुरवठा होऊ शकला नाही.’ शाळेत आपण शिकलो की कर्मणी प्रयोगात कर्ता मागे सरतो. या वाक्यांत तो खोलीतूनच निघून जातो. बाँब टाकणाऱ्या वैमानिकाला निदान नाव असते, हुद्दा असतो, एखाद्या रात्री त्याची झोप उडण्याची शक्यता असते. स्थगितीचा शेरा मारणारा कारकून सायंकाळी घरी जातो, आणि त्याने काय केले हे त्यालाही ठाऊक नसते, कारण वाक्यात तो नव्हताच. निर्बंधांच्या पुरस्कर्त्यांना जी सभ्यता दिसते ती या रिकाम्या जागेची आहे.

‘परंतु तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना होती ना?’ असा प्रतिप्रश्न येतो. होती. तिचाही हिशेब करू. १९९१ सालीच असा एक प्रस्ताव इराकपुढे ठेवला गेला होता आणि सद्दामच्या राजवटीने सार्वभौमत्वाच्या नावाखाली तो धुडकावला, हा त्या राजवटीचा गुन्हा आहेच. १९९५ चा ९८६ क्रमांकाचा ठराव, १९९६ चा करार, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेली तेलविक्री, आणि मार्च १९९७ मध्ये पोचलेले पहिले अन्न, असा तिचा प्रवास. प्रारंभी सहा महिन्यांस २ अब्ज डॉलर इतकेच तेल विकण्याची मुभा होती. त्यातील ३० टक्के रक्कम युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी बाजूला निघे. काही भाग उत्तरेकडील कुर्द प्रांतांना आणि संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाला जाई. मध्य व दक्षिण इराकच्या वाट्याला ५३ टक्के येत. तेथील लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख धरली, तर माणशी वर्षाला १२० डॉलरच्या आत, म्हणजे दिवसाला डॉलरचा तिसरा हिस्सा. एवढ्यात धान्य, औषधे, वीज, पाणी, मोऱ्या, शाळा सारे भागवायचे. पुढे ही मर्यादा वाढली, १९९९ च्या डिसेंबरात ती उठवलीही गेली. पण तेल विकून आलेला पैसा आणि त्यातून प्रत्यक्ष पोचलेला माल यांच्यामध्ये स्थगितीचा शेरा उभाच होता.

ज्या देशाला हे सोसावे लागले त्याची अवस्था आधीच काय होती? १९९१ च्या बाँबवर्षावात वीजकेंद्रे आणि जलशुद्धीकरणाची यंत्रणा उद्ध्वस्त झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने मार्त्ती आहतिसारी यांनी पाहणी केली आणि हा देश यंत्रयुगापूर्वीच्या काळात लोटला गेल्याचा अहवाल दिला. आठ वर्षांनी सेल्सो अमोरिम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, बऱ्यापैकी सुस्थितीतला एक देश प्रचंड दारिद्र्यात गेल्याचे नोंदवले. ज्या दिनाराला सरकारी दराने तीन डॉलरहून अधिक मिळत, तेच दिनार १९९५ च्या अखेरीस खुल्या बाजारात एका डॉलरसाठी दोन-तीन हजार मोजावे लागत. शिक्षकाचा महिन्याचा पगार काही डॉलरांवर आला.

शिक्षकाचा पगार हे शब्द उच्चारताच आमच्या वाचकांनी बगदादच्या मुतनब्बी रस्त्याकडे पाहावे. दहाव्या शतकातील थोर अरबी कवीचे नाव लाभलेला हा पुस्तकांचा बाजार शुक्रवारी भरतो. निर्बंधांच्या वर्षांत तेथील फरसबंदीवर प्राध्यापक, कवी, वकील यांनी आपापले ग्रंथसंग्रह विकावयास मांडले. प्रथम दुय्यम पुस्तके, मग संदर्भग्रंथ, मग ज्यांवर स्वतःच्या हातची टिपणे आहेत ती. नवी पुस्तके व नियतकालिके देशात येईनाशी झाली; राजवटीने बंदी घातलेली पुस्तके तर आधीच येत नव्हती. तेव्हा एखादी प्रत कोठून तरी मिळवून तिच्या छायाप्रती काढायच्या आणि त्या हातोहात फिरवायच्या, अशी एक वाचनसंस्कृती तेथे उभी राहिली. म्हणजे एका बाजूने सद्दामचे अभ्यवेक्षण आणि दुसऱ्या बाजूने सुरक्षा परिषदेची नाकेबंदी, या दोन पात्यांच्या मध्ये वाचक सापडला होता. जवाहिरी १९९७ साली व बयाती १९९९ साली दमास्कसला निवर्तले. त्यांना देशोधडीस लावणारी राजवट होती, निर्बंध नव्हेत, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पण त्यांच्या मागे जो वाचक बगदादेत उरला होता, तो पुस्तके विकून पीठ आणत होता, हेही तितकेच खरे.

आता त्या कुप्रसिद्ध संभाषणाकडे येऊ. १२ मे १९९६ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात लेस्ली स्टाल यांनी, त्या वेळी अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूत असलेल्या मॅडेलिन ऑलब्राइट यांना विचारले: पाच लाख मुले दगावल्याचे ऐकिवात आहे, ही किंमत योग्य आहे काय? ऑलब्राइटबाईंच्या उत्तराचा आशय असा, की निवड फार कठीण आहे, परंतु किंमत योग्य आहे असे आम्हांला वाटते.

या पाच लाखांच्या आकड्याविषयी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमच्यापैकी अनेकांनी तो वर्षानुवर्षे वर्गात आणि सभांतून सांगितला आहे. तो टिकत नाही. मूळ अंदाज १९९५ च्या एका लहान पाहणीवर आधारलेला होता, आणि त्या पाहणीतील एका संशोधिकेनेच १९९७ साली तिच्या निष्कर्षांविषयी शंका प्रकट केली. १९९९ मध्ये युनिसेफने, मध्य व दक्षिण इराकमधील पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ५६ वरून १३१ वर गेल्याचे जाहीर केले. परंतु त्या पाहणीतील क्षेत्रीय काम इराकी सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केले होते. राजवट कोसळल्यानंतर झालेल्या पाहण्यांत १९९० च्या दशकात अशी कोणतीही प्रचंड वाढ आढळली नाही. २०१७ साली टिम डायसन व व्हॅलेरिया चेतोरेल्ली या अभ्यासकांनी हे सर्व पुरावे एकत्र मांडून, राजवटीने आकड्यांत फेरफार केल्याचा निष्कर्ष काढला. तो आम्ही मान्य करतो. ज्यांना शब्दांच्या अचूकतेचा अभिमान आहे, त्यांनी आपल्या सोयीचा खोटा आकडा कवटाळून बसणे शोभत नाही.

निर्बंधांचे समर्थक येथे विजयोत्सव साजरा करतात. आकडा पडला, म्हणजे खटला पडला, असे त्यांस वाटते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. १९९६ साली त्या कार्यक्रमात बाईंनी आकडा नाकारला नाही. पाच लाख हा आकडा समोर ठेवला गेला आणि ‘योग्य’ हे विशेषण त्याला लावले गेले. आकडा खोटा ठरल्याने मुले वाचली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उत्तर खोटे ठरत नाही, ते तर दृक्‌श्राव्य स्वरूपात उपलब्ध आहे. पुढे ऑलब्राइटबाईंनी आपल्या आत्मचरित्रात या उत्तराबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आकड्याला आक्षेप घ्यायला हवा होता असेही म्हटले. तो पश्चात्ताप आम्ही प्रामाणिक मानतो. पण विधान मागे घेतले म्हणजे धोरण मागे घेतले असे होत नाही. त्या संभाषणानंतर निर्बंध आणखी सात वर्षे चालले.

शिवाय ‘किंमत’ हा शब्दही तपासून पाहा. बाजारात जो वस्तू घेतो तोच किंमत मोजतो. येथे वस्तू एकाला हवी होती आणि किंमत तिसऱ्याच्याच खिशातून जात होती. अशा व्यवहाराला मराठीत किंमत मोजणे म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो फौजदारी कायद्यात सापडतो. दुर्दैव असे, की सद्दामही तोच व्यवहार करीत होता. न मेलेल्या मुलांचे मृत्यू त्याने प्रचाराच्या बाजारात मांडले, आणि समोरच्या पक्षाने घासाघीस न करता ते स्वीकारले.

बरे, एवढे करून साधले काय? परिणामकारकतेच्या नावाने जे खपवले जाते तेही पाहू. राजवट खिळखिळी व्हावी हा उद्देश होता. प्रत्यक्षात सरकारने शिधावाटपाची व्यवस्था उभारली आणि देशातील बहुतेक प्रत्येक कुटुंब मासिक शिध्यासाठी त्याच सरकारवर अवलंबून राहिले. रेशनकार्डाची महती मराठी माणसास सांगावयास नको. ज्याच्या हाती शिधा, त्याच्या हाती मान. ज्या मध्यमवर्गातून विरोध उभा राहण्याची शक्यता, तो पुस्तके व पंखे विकून देश सोडत होता; आणि राजवाड्यात तस्करीचा पैसा येत होता. २००५ सालच्या व्होल्कर समितीच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक कंपन्यांनी इराकी सरकारला छुपे पैसे चारल्याचे उघड केले. त्याच अहवालात नाव आल्याने आपले तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंग यांना पद सोडावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. अर्थात निर्बंधांनी व्यापार थांबवला नाही. प्रामाणिक व्यापार थांबवला आणि राजवटीच्या कृपेने चालणारा वाढवला.

‘पण इराककडे शस्त्रे सापडली नाहीत, म्हणजे निर्बंध यशस्वीच झाले’ असा एक चतुर युक्तिवाद २००३ च्या युद्धानंतर पुढे आला. तो ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात काही तथ्य आहे: शस्त्रनिरीक्षक आणि लष्करी सामग्रीवरील बंदी यांनी राजवटीचे हात बांधले होते. परंतु २००४ च्या डुएल्फर अहवालानुसार अण्वस्त्रांचा कार्यक्रम आणि रासायनिक अस्त्रांचे साठे १९९१ मध्येच संपुष्टात आले होते. मग पुढील बारा वर्षे पाण्याचे पंप कशासाठी अडवले? शस्त्रे नष्ट झाल्यास निर्बंध उठतील, अशी १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाची अट होती. मार्च १९९७ मध्ये, आता परराष्ट्रमंत्री झालेल्या ऑलब्राइटबाईंनी जॉर्जटाउन विद्यापीठातील भाषणात स्पष्ट केले, की शस्त्रांविषयीची अट पाळली म्हणून निर्बंध उठवावेत हे मत अमेरिकेला मान्य नाही. ज्याला काहीही केले तरी सुटका नाही असे सांगितले गेले, त्याने सुधारावे तरी कशासाठी? आणि जर निर्बंध यशस्वीच झाले होते, तर मार्च २००३ मध्ये युद्ध का झाले? युद्ध टाळणारा म्हणून ज्याची प्रशस्ती गायली, तो उपाय युद्धाची पूर्वतयारी ठरला.

यामागे एक तांत्रिक गोम होती. ६६१ च्या ठरावाला मुदत नव्हती. तो संपवायचा तर नवा ठराव हवा, आणि नव्या ठरावावर कोणाही स्थायी सदस्याचा नकाराधिकार चालतो. म्हणजे निर्बंध लादताना सर्वांची संमती लागली. ते चालू ठेवण्यास एकाचा हट्ट पुरेसा झाला.

इराक हा अपवाद असल्याचे कोणी म्हणेल. हफबाउर, शॉट व एलियट यांच्या प्रसिद्ध संशोधनात निर्बंधांच्या ११५ प्रकरणांपैकी ४० यशस्वी गणली गेली होती. रॉबर्ट पेप यांनी १९९७ साली ती ४० पुन्हा तपासली आणि त्यांतील केवळ ५ निर्विवाद ठरवली; उरलेल्यांत लष्करी बळ तरी वापरले गेले होते, मागणी मान्यच झाली नव्हती, किंवा यशाचे श्रेय निर्बंधांना देता येत नव्हते. या मोजदादीवर मतभेद आहेत. परंतु ज्या औषधाच्या गुणाविषयी वैद्यांतच इतका वाद आहे, ते बालकांना पाजताना हात थरथरायला हवा होता.

येथवर वाचलेला जागरूक विद्यार्थी विचारील: मग दक्षिण आफ्रिकेचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणे आम्हांस जमणार नाही. कारण १९४६ साली वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच. त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण फरक पाहा. बहिष्काराची मागणी तेथील पीडितांनी स्वतः केली होती. १९५९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला तसे आवाहन केले. त्यात त्यांच्याही लोकांना झळ पोचणार होती, आणि ती सोसण्याची तयारी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. सुरक्षा परिषदेने तेथे सक्तीची बंदी घातली ती १९७७ साली, शस्त्रांवर, भाकरीवर नव्हे. ‘आम्ही सोसू’ आणि ‘तुम्ही सोसा’ या दोन वाक्यांत केवळ सर्वनामाचा भेद आहे काय?

हा भेद मराठी माणसास अधिक चांगला कळावयास हवा. ‘बहिष्कार’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. परदेशी कापडावरचा बहिष्कार हा एक. आणि गावाने एखाद्या घराला वाळीत टाकले, दुकानदाराने मीठ देणे बंद केले, पाणवठा तोडला, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात कोणी कोणाला मारत नाही. गाव सभ्यच असतो. दलितांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या या हत्याराची धार बाबासाहेब आंबेडकरांनी पुरती ओळखली होती, म्हणूनच १९४७ साली घटनेसंबंधी केलेल्या मागण्यांत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा असा आग्रह धरला. महाराष्ट्राने त्यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. इराकी लोक त्या वर्षांना निर्बंध म्हणत नाहीत. ते ‘हिसार’ म्हणतात, म्हणजे वेढा. शब्द त्यांचा अचूक आहे. जे गावात घडले तर आम्ही गुन्हा म्हणतो, ते जगात घडले तर त्यास मुत्सद्देगिरी का म्हणावे?

या साऱ्या कर्मणी प्रयोगात कर्तरी वाक्ये लिहिणारी थोडी माणसे होती, त्यांचे स्मरण करणे आमचे कर्तव्य आहे. इराकमधील मानवतावादी कार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी संयुक्त राष्ट्रांतील ३४ वर्षांच्या सेवेनंतर १९९८ साली राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी फेब्रुवारी २००० मध्ये तेच केले, आणि पाठोपाठ जागतिक अन्न कार्यक्रमाच्या तेथील प्रमुख युट्टा बुर्गहार्ट यांनीही. राजीनामा हा प्रथमपुरुषी एकवचनी मजकूर असतो. त्यात कर्ता लपत नाही.

पुढे जगाने काही धडा घेतला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. सरसकट नाकेबंदीऐवजी विशिष्ट व्यक्ती व त्यांच्या ठेवींवर निर्बंध घालण्याची रीत आली, त्यांना मुदतही घातली जाऊ लागली. ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाच्या ठरावाने, ठेवी गोठवणाऱ्या आपल्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी मदत वगळली. ‘विश्व सिद्धी’ला जो अर्ज करावा लागला, तसा अर्ज मदत नेणाऱ्यास करावा लागू नये, असा त्याचा मथितार्थ. चौदा देशांनी अनुकूल मत दिले. एक तटस्थ राहिला. तो भारत होता. दहशतवादी संघटना अशा सवलतीचा गैरफायदा घेतात, हे आपल्या सरकारने दिलेले कारण पोकळ नाही. तरीही १९९० सालचे ते जहाज कोणाला तरी आठवायला हवे होते, असे आम्हांस वाटते. आणि हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांपुरताच आहे. बलाढ्य राष्ट्रे स्वतंत्रपणे जे लादतात, त्यांत औषध कागदोपत्री मोकळे असते. पण दंडाच्या भयाने कोणतीही बँक त्याचे पैसे वळते करण्यास तयार होत नाही. स्थगितीचा शेरा आता बँकेचा कारकून मारतो, एवढाच बदल.

‘मग करायचे काय? युद्ध?’ हा शेवटचा प्रश्न आमच्या तोंडावर फेकला जाईल. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन निर्बंधांचा पुरस्कार करीत हिंडत होते, तेव्हा त्यांनी या उपायाचे वर्णन शांत, नीरव आणि प्राणघातक अशा शब्दांत केले होते. तो माणूस निदान तिसरे विशेषण गाळत नव्हता. आमचीही मागणी तेवढीच आहे. शस्त्रे अडवा, जुलमी माणसाची ठेव गोठवा, त्याच्या विमानाला उतरू देऊ नका. आमची तक्रार नाही. पण पाणी, पीठ, औषध आणि पेन्सिल अडवायची असेल, तर त्या कृतीला तिच्या नावाने हाक मारा, खाली सही करा, ती केव्हा संपेल ते लिहा, आणि जे सोसणार आहेत त्यांना विचारले होते काय, तेही लिहा.

पुढील सत्रात कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही रामाचे आणि रावणाचे जुने उदाहरण बाजूस ठेवणार आहोत. ‘पेन्सिली अडवण्यात आल्या’ हे वाक्य फळ्यावर लिहू, आणि कर्ता शोधण्यास सांगू.